वाट वळवायची की धमन्याच बदलायच्या?

हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची (एक फुप्फुसाकडे, एक शरीराकडे जाणारी) जन्मतःच अदलाबदल झाली, की बाळ निळं पडतं. सेनिंग (१९५८) आणि मस्टर्ड (१९६३) या शल्यविशारदांनी धमन्या तशाच ठेवून वरच्या कप्प्यांत रक्ताची वाट वळवली. मुलं जगली, मोठी झाली. पण फुप्फुसापुरता घडलेला खालचा उजवा कप्पा आयुष्यभर सगळ्या शरीराचं ओझं वाहतो. पुढे अनेकांत तो थकतो, ठोके बिघडतात.

शल्यविशारद जटेने यांनी १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये धमन्याच बदलल्या. कोरोनरीच्या, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या, बारीक नळ्या नव्या जागी शिवणं हे खरं कसब, तेही सहसा पहिल्या काही आठवड्यांत, फक्त फुप्फुसाकडे रक्त ढकलून खालचा डावा कप्पा दुबळा होण्याआधी. मला हीच पद्धत सरस वाटते, कारण कष्टाचं काम डाव्याकडेच राहतं. तपासण्या मात्र इथेही सुटत नाहीत: फुप्फुसाची धमनी अरुंद होऊ शकते, महाधमनीचं मूळ रुंदावू शकतं.