खरेदीदाराच्या बँकेचं व्हॅल्युएशन: घर विकणाऱ्याच्या बाजूने एक परीक्षण

सौदा ठरतो, खरेदीदार गृहकर्जाचा अर्ज करतो आणि एके दिवशी बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराचं मूल्यांकन करणारा माणूस, दारात उभा राहतो. त्याची फी बहुतेक वेळा खरेदीदार भरतो, अहवाल बँकेकडे जातो आणि ज्याचं घर आहे त्या विक्रेत्याला त्यातलं एक पानही सहसा बघायला मिळत नाही. या सेवेत विक्रेता ग्राहक नाहीच. हे आधी मनाशी पक्कं केलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं असतं.

व्हॅल्युअरला बँकेला एवढंच सांगायचं असतं की उद्या कर्ज थकलं आणि हे घर विकायची पाळी आली, तर पैसे वसूल होतील का. त्यामुळे स्वयंपाकघराच्या नूतनीकरणावर केलेला खर्च जसाच्या तसा किमतीत उतरेल, ही अपेक्षा सोडा. तो आधी क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय, मजला आणि एकूण स्थिती बघतो, आणि मग आसपास अलीकडे खरोखर झालेल्या विक्रीशी ताडून बघतो. शेजाऱ्याने जाहिरातीत लावलेला भाव त्याच्या लेखी जवळपास शून्य.

प्रत्यक्ष भेट साधारण १५ ते ३० मिनिटांची, घर मोठं असेल तर थोडी जास्त. लेझर मीटरने खोल्या मोजायच्या, फोटो काढायचे, छत-भिंती-खिडक्यांवरून नजर फिरवायची, झालं. तो फरशी उचलत नाही, कपाटं सरकवत नाही. म्हणून खरेदीदार ‘बँकेने घर तपासलंय’ असं म्हणाला, तरी ती घराची सखोल तपासणी नव्हे. कधीकधी तर कुणी येतच नाही. कर्ज किमतीच्या मानाने कमी असेल तर आकडा नोंदी पाहून टेबलावरच काढतात, किंवा संगणक काढतो. आमच्या मते हा प्रकार विक्रेत्यासाठी सर्वांत कमकुवत. जुन्या नोंदीत क्षेत्रफळ चुकलं असेल, तर ती चूक पकडायला घरात कुणी आलेलंच नसतं.

भेटीत सौदे सर्वांत जास्त अडतात ते ओलीवरून. व्हॅल्युअरकडे दोन सुयांचं छोटं मीटर असतं. सुया भिंतीला टेकवल्या की त्यांच्यामधला विजेचा रोध मोजून ते आकडा दाखवतं. हे मीटर मुळात लाकडासाठी बनलेलं. प्लास्टरवरचा आकडा म्हणजे फक्त इशारा. जुनी ओल सुकून गेली तरी मागे राहिलेल्या क्षारांमुळे तो चढा येऊ शकतो. म्हणून गळती दुरुस्त केली असेल तर कधी, कुणाकडून आणि कशी, याची पावती आणि हमीपत्र हाताशी ठेवा. आणि डागावर घाईघाईने रंग मारू नका. ताज्या रंगाचा एकच पट्टा दिसला की अनुभवी माणूस मीटर आधी तिथेच लावतो.

भेगांचंही तसंच. प्लास्टरमधली केसाएवढी भेग कुणी मनावर घेत नाही. पण दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, ५ मिलिमीटरहून रुंद भेग दिसली की स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल मागितला जाण्याची शक्यता मोठी, आणि तो येईपर्यंत कर्ज थांबतं. वाढीव बांधकामाची परवानगी नसेल, तर ती खोली मोजमापातून वगळली जाऊ शकते. हे आधी तपासा. फ्लॅट असेल तर देखभालीचा खर्च आणि इमारतीची ठरलेली मोठी दुरुस्ती, दोन्हींची कागदपत्रं तयार हवीत.

आता मुख्य मुद्दा, आकडा कमी आला तर. समजा सौदा १०० ला ठरलाय आणि बँक ८० टक्के कर्ज देते. खरेदीदाराने २० स्वतःचे ठेवलेत. मूल्यांकन ९२ आलं तर कर्ज ९२ च्या ८० टक्के, म्हणजे ७३.६ होतं. खरेदीदाराला आता २६.४ घालावे लागतात. आणि तो ९० टक्के कर्ज काढणारा असेल तर? त्याचे १० चे थेट १७.२ होतात. घर तेच, मूल्यांकन तेच, पण दुसऱ्या खरेदीदाराकडून सौदा मोडण्याचा धोका कितीतरी मोठा. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी ‘स्वतःचे किती घालणार?’ हे विचाराच. दोन ऑफर जवळपास सारख्या असतील, तर जास्त रोख आणणाऱ्याची किंचित कमी ऑफरही आम्ही वरचढ मानू.

हरकत घेता येते, पण ती खरेदीदाराकडून बँकेकडे जावी लागते. त्याला चांगला पुरावा पुरवणं तुमच्या हातात आहे: शक्यतो गेल्या ६ महिन्यांत, जवळच, सारख्या आकाराच्या ३ घरांची पूर्ण झालेली विक्री, प्रत्येकाचं क्षेत्रफळ, तारीख आणि किंमत एका पानावर. हेच पान भेटीच्या दिवशी व्हॅल्युअरच्या हातात नम्रपणे देता आलं, तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त, कारण एकदा लिहिलेला आकडा बदलणं अवघड असतं. ‘आमच्या घराला प्रकाश फार छान आहे’ अशा पत्राने काहीच हलत नाही. क्षेत्रफळाची चूक दाखवून दिली तर हलतं.

काही वेळा बँक आकडा मान्य करते, पण दुरुस्ती होईपर्यंत कर्जाचा काही भाग रोखून ठेवते. मग पुन्हा भेट आणि पुन्हा फी. दुरुस्ती लहान असेल तर ती आपणच करून द्यावी, वाटाघाटीत घालवलेले आठवडे त्याहून महाग पडतात. मूल्यांकनाला मुदतही असते, साधारण ३ ते ६ महिने. कागदपत्रांत त्याहून जास्त वेळ गेला तर सगळं पुन्हा. खरेदीदार दुसऱ्या बँकेकडे वळणार असेल, तर तिथलं मूल्यांकन कोणती फर्म करते हे त्याला अर्जाआधी विचारायला सांगा. अनेक बँका त्याच फर्मकडून काम करून घेतात आणि आकडाही तोच येऊ शकतो.