गाडीचा एसी फिल्टर घरी बदलते आहे, अकरा महिने झाले: नाशिकच्या रस्त्यांवरचा अनुभव

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, 11 ऑक्टोबर 2024 ला, पूजेसाठी गाडी धुऊन-पुसून झाली आणि मी पहिल्यांदाच डॅशबोर्डचा कप्पा काढून एसीचा फिल्टर बाहेर ओढला. मूळचा पांढरा असलेला तो फिल्टर पार मातकट-काळा झाला होता. घड्यांमध्ये पानांचा चुरा, चिलटांचे पंख, आणि एका घडीत चिकटून बसलेली झेंडूची वाळलेली पाकळी.

त्या पाकळीकडे मी बराच वेळ बघत बसले. गाडीला झेंडूचा हार आम्ही वर्षातून एकदाच घालतो, दसऱ्याला. म्हणजे ती पाकळी 2023 च्या दसऱ्याची. आणि जून 2024 च्या सर्व्हिसिंगच्या बिलावर एसी फिल्टर बदलल्याचे पैसे लावलेले होते. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर तोच फिल्टर पिशवीत घालून गॅरेजमध्ये गेले. "पोराकडून राहून गेलं असेल ताई," गॅरेजवाले म्हणाले आणि पैसे परत केले. पण प्रश्न पैशांचा नव्हता. माझ्या सासूबाईंना दमा आहे. ते चार महिने त्या मागच्या सीटवर बसून खोकत होत्या आणि मी म्हणत होते, आई, काच लावून घेते, एसी लावते, धूळ येणार नाही. त्या दिवशी ठरवलं की हे काम आता दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही.

गाडी 2019 ची पेट्रोल स्विफ्ट. रोज इंदिरानगर ते पिंपळगाव बसवंत, जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. उड्डाणपुलावरून के. के. वाघ कॉलेजपर्यंत, मग आडगाव, ओझर आणि पुढे. शनिवार-रविवारी दिंडोरीला माहेरी. या अकरा महिन्यांत साधारण 17 हजार किलोमीटर झाले आणि फिल्टर चार बदलले. त्यातला एक कार्बनचा, म्हणजे वासही धरणारा, बाकीचे साधे.

आधी कामाचं सांगते, कारण बहुतेक जण त्यालाच बिचकतात. गाडी बंद, एसीचा पंखा बंद. समोरचा कप्पा रिकामा करायचा. उघडून त्याच्या दोन्ही बाजूच्या भिंती तळव्यांनी आत दाबल्या की अडकण निसटते आणि कप्पा खाली येतो. पहिल्या वेळी तो तुटेल या भीतीने मी हळूच दाबत राहिले आणि तो हललाच नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी आणि जरा जोर लावून दाबाव्या लागतात, प्लॅस्टिक तेवढं वाकतं. मागे एक उभट काळं झाकण दिसतं, त्याची खिट्टी दाबून ते काढायचं आणि फिल्टर सरळ बाहेर ओढायचा. ओढताना झटका देऊ नका, वरचा कचरा आत पंख्याकडे पडतो. मी खाली वर्तमानपत्र धरते, मुलगी टॉर्च धरते. आतल्या कडा ओल्या फडक्याने पुसून, कोरड्या करून नवा फिल्टर सरकवायचा. पाना नाही, स्क्रू नाही. पहिल्यांदा अर्धा तास लागला, आता दहा-बारा मिनिटांत होतं. सगळ्याच गाड्यांत इतकं सोपं नसतं. काहींत कप्प्याचे स्क्रू काढावे लागतात, काहींत फिल्टर पायाशी असतो. गाडीसोबतच्या पुस्तिकेत चित्र असतं, ते आधी बघून घ्या.

बाणाची मात्र काळजी घ्या. फिल्टरच्या कडेला हवेची दिशा दाखवणारा बाण छापलेला असतो. "जुना जसा होता तसाच नवा घाला" असं सगळे सांगतात, पण जुनाच कोणी उलटा घातला असेल तर? त्यापेक्षा जुन्या फिल्टरचा मळ बघा. ज्या बाजूला धूळ आणि कचरा साचलाय तिकडून हवा येते, बाणाचं टोक त्याच्या उलट बाजूला हवं. माझ्या जुन्या फिल्टरवर बाणाच्या टोकाकडचीच बाजू मळलेली होती, म्हणजे तो उलटा बसवलेला होता.

दुसरी गोष्ट झाकणाची. पहिल्या वेळी माझ्याकडून ते नीट बसलं नाही. पंखा तिसऱ्या नंबरवर नेला की बारीक शिट्टी वाजायची. दोन दिवस वाटलं पंखाच बिघडला. पुन्हा उघडलं तर झाकणाची खालची कड बाहेर राहिलेली. तिथून हवा निसटत होती, म्हणून तो आवाज. आता "टक" असा आवाज ऐकल्याशिवाय मी कप्पा वर चढवत नाही.

फिल्टर घेतले द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून. "ताई, एसीचा की इंजिनचा?" हा पहिला प्रश्न, आणि तो बरोबरच आहे. इंजिनचा एअर फिल्टर बॉनेटखाली असतो, त्याचा आपल्या श्वासाशी संबंध नाही. एसीच्या फिल्टरलाच केबिन फिल्टर म्हणतात; तसं म्हटलं तर दुकानदाराला समजतं, पण एसीचा फिल्टर म्हटलं की लगेच समजतं. गाडीचं मॉडेल, वर्ष सांगा आणि शक्य असेल तर जुना सोबत न्या, आकारात थोडा फरक असला तरी कडेने फट राहते. साधा मला 280 ला पडला, कार्बनचा 650 ला.

आता महिन्यांचा हिशेब.

ऑक्टोबर ते जानेवारी साधा फिल्टर होता. पहिल्याच सकाळी फरक कळला तो हवेच्या जोरात. आधी पंखा तीनवर ठेवूनही समोरच्या जाळीतून जेमतेम झुळूक यायची, आता दोनवर पुरेशी. फिल्टर तुंबला की पंख्याला हवा ओढता येत नाही. मग आपण समजतो एसीचा गॅस कमी झाला. मी त्या उन्हाळ्यात गॅस तपासून घेतला होता, तो पूर्ण भरलेला निघाला. आणखी एक फायदा थंडीत कळला. निफाडकडचा गारठा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, डिसेंबरच्या सकाळी ओझरच्या पुढे काचेवर आतून वाफ धरते. फिल्टर मोकळा असताना ती काच पटकन साफ होते, कारण काचेवर येणारी हवा त्याच वाटेने येते. हा नुसता आरामाचा नाही, समोरचा ट्रॅक्टर वेळेवर दिसण्याचा प्रश्न आहे.

पण त्याच महिन्यांत साध्या फिल्टरची मर्यादाही कळली. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागांत डावणी या बुरशीच्या रोगासाठी फवारणीवर फवारणी चालते. आमच्याकडे ब्लोअर म्हटलं की आधी ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअरच डोळ्यासमोर येतो. दिंडोरीच्या रस्त्याला बागेच्या कडेने ब्लोअर चालू असला की तो उग्र वास थेट गाडीत. साधा फिल्टर हा बारीक तंतूंचा थर असतो. तो धूळ अडवतो, परागकण अडवतो, वास अडवत नाही. धुराचे अगदी बारीक कण तर त्यातून बरेचसे निसटतात. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या वीस-पंचवीस पटींनी बारीक. आपल्याकडे त्याची चोवीस तासांची मर्यादा एका घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे. 2019 मध्ये केंद्राने स्वच्छ हवेचा जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या शहरांत नाशिकही आहे. नाशिकची हवा छान म्हणत आपण मोठे झालो, पण संध्याकाळी द्वारकाला सिग्नलवर उभं राहिलं की ते छान कुठे गेलं असं वाटतं.

म्हणून जानेवारीअखेर कार्बनचा बसवला. रंगाने काळपट, हाताला जरा जड. त्यात सक्रिय कोळशाचे कण असतात, त्यांच्या असंख्य छिद्रांत वासाचे वायू धरले जातात. फरक पडला, हे निश्चित. महामार्गावर जुन्या डिझेल ट्रकमागे अडकलं की जो धुराचा वास डोक्यात जायचा, तो निम्म्याहून कमी झाला. लासलगावकडून येणारे कांद्याचे ट्रॅक्टर, सडका माल असेल तर तो वासही कमी. सासूबाई एकदा आपणहून म्हणाल्या, "आज गाडीत बरं वाटतंय गं." माझ्यासाठी 650 रुपये तिथेच वसूल झाले. पण फवारणीचा जोराचा हंगाम तोवर संपत आला होता, बागांत काढणी सुरू होती. त्यामुळे फवारणीच्या वासावर कार्बन किती चालतो याची खरी परीक्षा माझ्याकडून झालेली नाही. आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू हा फिल्टर अडवत नाही. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसायचं नाही म्हणजे नाही, फिल्टर कुठलाही असो.

कार्बनची खरी अडचण मे महिन्यात कळली. फिल्टर काढून पाहिला तर धूळ होती, पण तुंबलेला नव्हता, हवाही जोरात येत होती. तरी ट्रकचा वास पुन्हा पहिल्यासारखा यायला लागला होता. कोळशाची छिद्रं भरली की तो नुसता धुळीचा महागडा फिल्टर उरतो, आणि हे डोळ्यांना दिसत नाही, नाकालाच कळतं. चार महिने, सहा-सात हजार किलोमीटर, एवढंच माझ्या रस्त्यांवर त्याचं आयुष्य निघालं. वर्षभर चालेल असं समजून कोणी घेत असेल तर घेऊ नये.

2025 मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. जूनच्या सुरुवातीला पुन्हा साधा फिल्टर बसवला. पावसात त्रास धुळीचा नसतो, ओलीचा असतो. इगतपुरीला दोनदा गेले, भर पावसात, बाहेरची हवा चालू ठेवून. दुसऱ्या दिवशी गाडीत ओल्या गोणपाटासारखा कुबट वास. फिल्टर काढून घरात पंख्याखाली ठेवला, पूर्ण वाळल्यावर घातला, वास निम्मा राहिला. उरलेला वास फिल्टरचा नव्हताच, एसीच्या आत जिथे पाणी सुटतं त्या कॉइलचा होता. ओळखीच्या मेकॅनिकने सवय लावली: घर यायला चार-पाच मिनिटं उरली की एसीचं बटण बंद करायचं, पंखा चालू ठेवायचा, म्हणजे आतली ओल सुकते. महिनाभर नेमाने केलं, वास गेला. सुगंधी स्प्रे मारून हे झाकू नका, दम्याच्या माणसाला त्याचाच त्रास जास्त होतो. ऑगस्टच्या मध्यावर फिल्टरला पुन्हा ओल धरून बुरशीचे ठिपके दिसले, तेव्हा तो वाळवत बसले नाही, सरळ बदलला.

धुण्याबद्दल विचाराल तर धुऊ नका. मी ऑक्टोबरमधला जुना काढलेला प्रयोग म्हणून बादलीत बुडवला होता. पाणी चहासारखं झालं, फिल्टर वाळला, पण घड्या वाकड्या झाल्या आणि कडेचा फोम सुटला. शिवाय अनेक फिल्टरच्या तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो, बारीक कण त्याला चिकटतात, आणि तो भार धुतल्याने कमी होऊ शकतो. पंक्चरच्या दुकानातल्या हवेच्या नळीने उडवला तरी तंतू फाटतात. मध्ये एकदा काढून वर्तमानपत्रावर हलकेच आपटायचा, पानं-किडे झटकायचे, एवढंच.

आणि एक बटण, ज्याकडे आमच्या घरात कोणी बघतच नव्हतं: आतलीच हवा फिरवण्याचं. माझ्या गाडीत ती हवासुद्धा फिल्टरमधूनच जाते, त्यामुळे आतली हवा फेरीमागून फेरी गाळली जाते. ट्रकमागे, खोदलेल्या रस्त्यावर, फवारणीच्या बागेजवळ मी ते लगेच दाबते. पण काचा बंद करून चार माणसं बसली की तासाभरात हवा जड होते, चालवणाऱ्याला पेंग येते. म्हणून मोकळ्या रस्त्याला लागलं की पुन्हा बाहेरची हवा.

माझं मत विचाराल तर महागाचा एक घेऊन वर्षभर विसरण्यापेक्षा स्वस्तातला साधा वेळेवर बदललेला केव्हाही बरा. फक्त शहरात, कॉलेज रोड-गंगापूर रोडपुरती गाडी फिरवणाऱ्यांना साधा पुरे, दसऱ्याला एक आणि पाऊस लागण्याआधी एक. माझ्यासारखी हायवेची आणि बागांच्या रस्त्याची रोजची फेरी असेल, किंवा घरात दम्याचं माणूस असेल, तर ऑक्टोबर ते जानेवारी कार्बनचा आणि बाकी वेळ साधा. किलोमीटर मोजून बदलायचं गणित आपल्याकडे चालत नाही. 2027 चा सिंहस्थ होईपर्यंत तर रस्त्यांची कामं चालणारच आहेत. गॅरेजमध्ये बदलून घेत असाल तर जुना फिल्टर हातात मागा आणि नव्याच्या कडेवर पेनने तारीख घाला. मी प्रत्येकावर घालते.

2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला. कार्बनचा फिल्टर आणून कपाटात ठेवलाय, पिशवी फोडलेली नाही, कारण उघडा राहिला तर कोळसा घरातले वास धरायला लागतो. आदल्या संध्याकाळी बसवीन. आणि झेंडूचा हार या वेळी काचेखालच्या जाळीजवळ नको, खाली पुढच्या ग्रिललाच बांधायचा, असं मुलीला आत्ताच सांगून ठेवलंय.