सिलिंडर भरले चोख, पण जिन्याला कुलूप

विद्यापीठात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी ११ वर्षं सहायक आहे. यंदा आग विझवायचे सिलिंडर तपासायला नवी एजन्सी आली आणि काम मनापासून केलं. आलेल्या मुलाने एकेक सिलिंडर वजनाला लावला. माझ्या टेबलामागचा उलटा करून कानाशी धरला, तर आत पावडर सरकल्याचा आवाजच नाही. तळाशी तिचा दगड झालेला, आणि दाब दाखवणारी सुई मात्र हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ‘सगळं ठीक’! नुसत्या सुईवर विसंबू नका, कळकळीने सांगते. महागड्या यंत्रांशेजारी त्याने कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावला, कारण पावडरने यंत्राचं वाटोळं होतं.

विद्यापीठाचं मात्र काय सांगू! राज्याच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तो कागद वेळेवर जातो. पण मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या जिन्याला रात्री कुलूप, जिन्यात मोडक्या खाटा. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन गेटवर. वर तीन मजले पोरी झोपलेल्या असतात हो! दोन अर्ज दिलेत, तिसरा उद्या देणार.

एजन्सीला पाच तारे. विद्यापीठाला कुलूप निघेपर्यंत एकच.