जावाचं टाइम पॅकेज: नऊ महिने वापरल्यावर

कर्जाच्या हप्त्यांचं एक जुनं मॉड्यूल गेले नऊ महिने मी जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या 'डेट' आणि 'कॅलेंडर' या तारखांच्या जुन्या साधनांतून 'जावा डॉट टाइम' या नव्या पॅकेजवर आणतोय. हे पॅकेज जावा ८ बरोबर २०१४ साली आलं, म्हणजे आमचं वरातीमागून घोडं. वेगात काही फरक जाणवला नाही. जाणवला तो मेथडच्या, म्हणजे कोडमधून हाक मारून करून घ्यायच्या कामांच्या, नावांत.

जुन्या डेटमध्ये 'गेटडे' म्हटलं की तारीख नाही, वार मिळतो, तोही आकड्यात, रविवार म्हणजे शून्य. 'गेटइयर' २०२४ साली १२४ सांगतं, कारण मोजणी १९०० पासून. या मेथड कधीच्या डेप्रिकेट ('आता वापरू नका' असं जाहीर) झाल्यात, तरी आमच्या कोडमध्ये सुखाने नांदत होत्या. नव्यात 'गेटडेऑफमंथ', 'गेटडेऑफवीक', 'गेटडेऑफइयर' अशी नावं. लांबलचक आहेत खरी, पण रिव्ह्यूत "हा कुठला डे?" हा प्रश्न आता येत नाही.

दिवस मिळवताना कॅलेंडरचं 'ॲड' त्याच ऑब्जेक्टला, म्हणजे हातातल्या तारखेलाच, बदलतं. इथे 'प्लसडेज' आहे, जुनी तारीख तशीच ठेवून नवी हातात देणारं. पाच अधिक दोन केले म्हणून पाच कुठे बदलतो? तरीही टीममधल्या नव्या मुलाने उत्तर कुठेही न साठवता नुसतंच 'प्लसडेज' लिहिलं, आणि मुदत सात दिवसांनी वाढलीच नाही. नावाने तरी किती करायचं!

माझी सगळ्यात आवडती जोडी वेळेचा टाइमझोन बदलणारी: 'विथझोनसेमइन्स्टंट' आणि 'विथझोनसेमलोकल'. सर्व्हरवर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), ग्राहक भारतात. सकाळी १० यूटीसी पहिलीला दिले की दुपारचे ३:३० मिळतात, क्षण तोच. दुसरी घड्याळातले १० तसेच ठेवते, क्षण मात्र साडेपाच तास आधीचा होतो. 'चेंजझोन' असं एकच गुळमुळीत नाव असतं, तर आम्ही अंदाजाने वापरलं असतं आणि चुकलो असतो. इथे नेमकं काय हवंय ते लिहितानाच ठरवावं लागतं.

आता तक्रार. थकीत दिवस मोजायला मी 'पीरियड'चं, म्हणजे दोन तारखांमधलं अंतर सांगणाऱ्या साधनाचं, 'गेटडेज' घेतलं. १० जानेवारी ते १५ फेब्रुवारी, उत्तर आलं ५! पीरियडच्या लेखी हे 'एक महिना पाच दिवस', आणि गेटडेज त्यातले सुटे पाच देतं. खरे ३६ दिवस हवेत तर 'क्रोनोयुनिट डॉट डेज'चं 'बिटवीन' वापरायचं. डॉक्युमेंटेशन मी वाचलं नव्हतं, कबूल. पण गेटडेज वाचून कोणाला सुटे दिवस आठवतील? तास-मिनिटांतलं अंतर सांगणाऱ्या 'ड्युरेशन'मध्ये जावा ९ ने 'टूमिनिट्स'च्या (एकूण मिनिटं) शेजारी 'टूमिनिट्सपार्ट' (तास वजा जाता सुटी मिनिटं) आणून हा घोळ मिटवला. पीरियडच्या वाट्याला तसा 'पार्ट' आलाच नाही. शेवटी मीच 'थकीतएकूणदिवस' नावाची चार ओळींची मेथड लिहिली, आणि हप्त्यांच्या कोडमध्ये थेट गेटडेज दिसलं की बिल्ड (कोडमधून प्रोग्राम तयार करण्याची पायरी) फेल होईल असा नियम लावला.