मुंबई–सिंगापूर विमानप्रवास: नऊ महिने, तीन फेऱ्या

लेकीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने जानेवारीपासून ठाण्याच्या मानपाड्याहून सिंगापूरच्या टॅम्पिनीसला तीनदा जाऊन आले. पहिलं तिकीट काढताना एकच आकडा डोक्यात होता, साडेपाच तास. दारापासून दारापर्यंत मला साडेअकरा तास लागतात, हे तीन फेऱ्यांनंतर खात्रीने सांगते.

हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, मुंबई–दिल्लीच्या जवळजवळ साडेतीनपट. सिंगापूर आपल्या आग्नेयेला, पण विमान बहुतेकदा आधी पश्चिमेला, समुद्रावर झेपावतं आणि मग वळून जमिनीवर येतं. पुढे पूर्व किनारा, बंगालचा उपसागर, निकोबारचा परिसर, मलाक्काची सामुद्रधुनी. समोरच्या पडद्यावरचा तो नकाशा मला फार आवडतो, सिनेमा कधी लावलाच नाही. जानेवारीत जाताना पाच तास दहा मिनिटं लागली, येताना पावणेसहा. वरचे वारे तेव्हा पश्चिमेकडून वाहतात. पावसाळ्यात दक्षिण भारतावर खूप उंचावर ते पूर्वेकडून येतात, त्यामुळे जुलैत जातानाच उशीर झाला. उपसागरावर हादरेही चांगलेच बसले. झोपतानाही पट्टा सोडू नका.

घड्याळाचं आधी समजून घ्या. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. परतीच्या तिकिटावर रात्री ८ ते ११.१५ असं पाहून आमचे हे म्हणाले, सव्वातीन तासांचाच प्रवास! तिथे आठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. पहिल्यांदा उतरले तेव्हा तिथे पावणेसात वाजले होते आणि बाहेर अंधार. १९८२ पासून त्यांनी घड्याळ आणखी अर्धा तास पुढे नेलंय, त्यामुळे बारा महिने सूर्य सातच्या आसपास उगवतो. ती अडीच तासांची झोप मात्र बुडतेच.

खरा त्रास घोडबंदर रोडचा. रात्री ११ च्या विमानासाठी साडेसहाला निघाले, तर कापूरबावडीपर्यंतच पाऊण तास गेला. पुढे कांजूरला जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडला लागून पवईत पुन्हा अडकलो. विमानतळावर पोहोचायला दोन तास लागले, सगळा वेळ छातीत धडधड. सप्टेंबरमध्ये मुद्दाम रात्री दीडचं विमान घेतलं. साडेनऊला निघाले, पन्नास मिनिटांत टर्मिनल २. तिकीट थोडं महाग पडलं, पण ठाणेकरांनी हेच करावं असं माझं ठाम मत आहे. जुलैत स्वस्त म्हणून चेन्नईत बदलायचं तिकीट घेतलं होतं. पहिलं विमान रखडलं आणि दुसऱ्यासाठी या वयात धावावं लागलं. पुन्हा नाही.

चांगीला उतरल्यावर सोपं आहे. मेट्रोने तानाह मेराहला गाडी बदलायची, तिथून दुसरं स्टेशन टॅम्पिनीस. व्हिसा आपल्याला लागतोच. शिवाय अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू नेणार असाल तर खसखस घालू नका. तिथे तिच्यावर अमली पदार्थांच्या कायद्याने बंदी आहे. मला लेकीने निघायच्या आदल्या दिवशी फोनवर सांगितलं. केलेले लाडू शेजारी वाटले आणि रात्री जागून खोबरं, खारीक, डिंकाचे नवे वळले.

नातीचा पहिला वाढदिवस जानेवारीत आहे. दीडच्याच विमानाचं तिकीट काढून ठेवलंय.