बाळाचं वरचं खाणं: डब्यातलं सिरियल की घरची नाचणी?

उष्टावण झालं, डॉक्टरांनी "आता वरचं सुरू करा" म्हटलं, की घरात दोन तट पडतात. आजी नाचणी भिजत घालायला निघते आणि आई-बाबांच्या हातात डबा असतो. आम्ही मुलीला दोन्ही देऊन पाहिलं.

डब्याची सोय सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची खरी जमेची बाजू म्हणजे त्यात घातलेलं लोह. बाळ जन्मताना लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहाव्या महिन्याच्या आसपास सरत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. मेंदू झपाट्यानं वाढतो तोही नेमका याच काळात. मज्जातंतूंवरचं आवरण नीट तयार व्हायला लोह लागतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिकातल्या मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत माग ठेवला. ज्यांना तेव्हा लोहाची तीव्र कमतरता होती, ती मुलं उपचारांनंतरही बौद्धिक चाचण्यांत मागे दिसली. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते ५९ महिन्यांच्या सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे "आम्ही काय डबे खाऊन वाढलो?" म्हणून हा मुद्दा उडवून लावता येत नाही.

नाचणीत कॅल्शियम भरपूर. लोहही आहे, पण तिच्यातलं फायटेट नावाचं द्रव्य ते नीट अंगी लागू देत नाही. मोड आणले की फायटेट कमी होतं. रात्रभर भिजवा, फडक्यात बांधा, मोड आले की सावलीत वाळवा, मंद भाजून दळा. खटाटोप आहे, पण एकदा केलं की बरेच दिवस पुरतं.

तरीही आमचा निर्णय लोहावर झाला नाही, गोडीवर झाला. आम्ही घेतलेल्या डब्यात साखर होती. मुलगी ते चाटूनपुसून खायची, आम्हीही खूश. मग मऊ वरणभात दिला की ओठ घट्ट मिटायचे; घास आत गेलाच तर जिभेनं बाहेर. भोपळा नको, गाजर नको, मुगाची खिचडी नको. शिवाय डब्यातलं सगळं गुळगुळीत, त्यामुळे आठव्या-नवव्या महिन्यात शितं लागली तरी तिला उमासे यायचे. या वयात चव आणि चावणं दोन्ही शिकायचं असतं, आणि तिथेच गाडी अडली. डबा बंद केल्यावर सुरुवातीचे दिवस फार जड गेले.

प्रत्येक बाळाचं असंच होईल असं नाही. बिनसाखरेची सिरियलही मिळतात, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर डॉक्टर सांगतील तेच करावं. पण लोहाची उणीव बाहेरून भरता येते: अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिलि. घरात मसुराची डाळ, अंडं, वर लिंबाचे दोन थेंब. लिंबामुळे लोह जास्त शोषलं जातं. गोडाची लागलेली सवय मोडायला मात्र असं सिरप नाही.

म्हणून आमच्याकडे रोजची नाचणी, मीठ-साखरेशिवाय, वर थोडं तूप. डबा फक्त प्रवासात, तोही घटकांच्या यादीत साखर नाही हे वाचून.