मळ्यात समुद्र कुठून आला?

आधी रक्कम सांगून टाकतो: 25,200 रुपये. पणजीतल्या एका हॉटेलच्या तीन खोल्यांसाठी मी एवढे पैसे भरले आणि त्यातला एक रुपयाही त्या हॉटेलला मिळाला नाही. हॉटेल खोटं म्हणावं तर तेही नाही. पणजीच्या मळा नावाच्या भागात, खाडीपासून चार पावलांवर ते कित्येक वर्षं उभं आहे. फोंड्यात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे, महिन्यातून दोनदा तरी माल आणायला पणजीला जातो, तेव्हा त्याच्या दारावरूनच स्कूटर नेतो.

आम्ही इथली माणसं पर्यटकांच्या फसवणुकीकडे जरा मजेनेच बघतो. कळंगुट-बागाच्या रस्त्यावर स्कूटरवाला येतो, हातात स्क्रॅच कार्ड देतो, खरवडलं की हटकून बक्षीस लागतं आणि ते घ्यायला गेलेल्या जोडप्याला दोन-दोन तास बसवून हॉलिडे क्लबची मेंबरशिप गळ्यात मारतात. असले किस्से मी पाहुण्यांना जेवताना रंगवून सांगायचो. आता सांगत नाही.

मिरजेचे माझे मामा दर दोन-तीन वर्षांनी कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला येतात. एरवी अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतच उतरतात. या खेपेला मामींचा गुडघा दुखत होता, सुनेच्या कडेवर सहा महिन्यांचं बाळ होतं, आणि मोठ्या नातवंडांना मांडवीतली बोट आणि रात्रीची पणजी बघायची होती. मामा फोनवर म्हणाले, "तू तिथलाच आहेस, बघ एखादं बरंसं."

महिना नोव्हेंबर 2024 चा. पणजीत तेव्हा एकावर एक दोन गर्द्या: 20 ते 28 इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आणि 21 पासून जुन्या गोव्यात दहा वर्षांनी येणारा सेंट फ्रान्सिस झेवियरचा शवप्रदर्शन सोहळा. ओळखीच्या दोन हॉटेलांनी आधीच हात वर केले होते. मग मला हे खाडीजवळचं आठवलं. फोनवर नकाशा उघडला, हॉटेलचं नाव टाकलं, फोटो ओळखीचा, रस्ता ओळखीचा. त्याखाली जो मोबाइल नंबर होता तो दाबला.

पलीकडे राहुल. हिंदी बोलणारा, "सर सर" करणारा. इथल्या रिसेप्शनवर असा मुलगा असण्यात नवल काहीच नाही. खोलीचा भाव 2,800, तीन खोल्या, दोन रात्री, सगळे कर धरून 16,800. त्या दिवसांत हा भाव स्वस्तच होता. मी आपला गमतीने कोकणीत विचारलं, "गोंयकारांक डिस्काउंट ना?" तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "हां सर, हो जाएगा." काय होईल ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग मी पार्किंगचं विचारलं. त्यावर तो म्हणाला, "पार्किंग है सर, और बीच तो सामने ही है, दो मिनट वॉकिंग."

मळ्यात समुद्र! समोर खाडी आहे, ओहोटीला तिचा वास रस्त्यापर्यंत येतो. सगळ्यात जवळची वाळू मिरामारची, तीनेक किलोमीटरवर. फोन ठेवल्यावर मी बायकोला हसत सांगितलं, पोरगा नवीन दिसतोय, खाडीला समुद्र म्हणतोय. हसलो, आणि हसत हसतच 8,400 रुपये ॲडव्हान्स पाठवला. पाठवताना स्क्रीनवर हॉटेलचं नाव न येता कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर, "अकाउंटंट सर का खाता है." आमच्या बाजारातही निम्म्या दुकानांचे पैसे मालकाच्या भावाच्या खात्यावर जातात, त्यामुळे तेही पटलं.

दुसऱ्या दिवशी, 12 तारखेला, दुपारी ऐन गर्दीत त्याचा फोन आला. काउंटरवर एक गिऱ्हाईक 32 अँपियरचा एमसीबी मागत होतं, दुसरं वायरचं बंडल मोजून घेत होतं. राहुलचं म्हणणं असं, की सिस्टिम अर्धी रक्कम घेत नाही, एन्ट्री अडकून पडलीय, संध्याकाळी खोल्या आपोआप सुटतील. पूर्ण 16,800 एकदम पाठवा, आधीचे 8,400 पंधरा मिनिटांत आपोआप परत येतील. मी एका हाताने एमसीबी दिला आणि दुसऱ्या हाताने पैसे पाठवले.

वाचणारा म्हणेल, काय खुळा माणूस. मीही म्हणतो. पण त्या मिनिटाला डोक्यात एवढंच असतं, की आधीचे 8,400 बुडता कामा नयेत. गेलेल्या पैशामागे माणूस कसा धावतो हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. त्यांचा सगळा धंदाच पहिल्या हप्त्यानंतर सुरू होतो.

पंधरा मिनिटं गेली, तास गेला. संध्याकाळी त्याने क्यूआर कोड पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, रिफंड जमा होईल. मी स्कॅन करतच होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, दुकानात दिवसाला पन्नास जण आपल्याला पैसे देतात. आपण कधी पिन टाकतो का?" तिच्यामुळे तिसरा घाव चुकला. मी राहुलला झापलं. तो जराही न चिडता म्हणाला, ठीक आहे सर, चेक-इनच्या वेळी काउंटरवर रोख देतो. आणि पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर व्हाउचर पाठवलं. हॉटेलचा लोगो, मामांचं नाव, तीन खोल्या, 23 आणि 24 तारीख. शिक्कासुद्धा.

व्हाउचर पाहून मी थंड झालो. बायको म्हणत होती, एकदा जाऊन बघून या. तीस किलोमीटर, तासाभराची वाट. पण त्या आठवड्यात पंख्यांचा माल उतरायचा होता. बारा दिवसांत माझं जाणं झालं नाही. खरी चूक कुठली म्हणाल तर हीच, पैसे पाठवण्याहूनही मोठी.

23 तारखेला, शनिवारी, मामांची गाडी चोर्ला घाट उतरून संध्याकाळी पणजीत पोचली. घाटाच्या वळणांनी मामी पिवळ्या पडलेल्या, बाळ रडून रडून झोपलेलं. बांदोडकर मार्गावर इफ्फीची रोषणाई, गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली. मी हॉटेलच्या दाराशी उभा होतो. बॅगा उतरवल्या, आत गेलो, काउंटरवर व्हाउचर दाखवलं.

काउंटरवरच्या मुलाने ते हातातही घेतलं नाही. लांबूनच बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आयज तुमी तिसरे."

ड्रॉवरमधून त्याने शाळकरी मुलांची असते तशी दोनशे पानी वही काढली. पट्टीने रकाने आखलेले: तारीख, नाव, गाव, कुठल्या नंबरवर बोललात, किती भरले. सोलापूर, नागपूर, हुबळी, इंदूर. बहुतेक रकमा आठ-दहा हजारांच्या आतबाहेर. हॉटेलवाल्यांनी पोलिसांत तक्रार दिली होती, दाराच्या काचेवर "आमचा नंबर फक्त हाच" असा कागदही लावला होता. पण काचेवरचा कागद वाचायला माणूस दारापर्यंत यावा लागतो, आणि दारापर्यंत येतो तोवर पैसे गेलेले असतात. त्यानेच मला सांगितलं, की नकाशावरच्या माहितीत बदल सुचवायची सोय कुणालाही असते. हॉटेलवाले नंबर दुरुस्त करून घेतात, आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी पुन्हा फिरवतं.

मग त्याने व्हाउचरवर बोट ठेवून दोन गोष्टी दाखवल्या. पत्त्यात पिनकोड 403516 होता. तो कळंगुटचा, पणजीचा 403001. म्हणजे आधी कळंगुटच्या कुठल्या तरी हॉटेलसाठी बनवलेल्या कागदावर फक्त नाव बदललं होतं. राहुलचा समुद्र तिथून आला होता. दुसरी गोष्ट जीएसटी नंबर. गोव्यातल्या धंद्याचा नंबर 30 ने सुरू होतो, यावरचा 07 ने, म्हणजे दिल्लीचा. माझ्या दुकानाच्या प्रत्येक बिलावर 30 छापलेलं आहे. बारा दिवस हा कागद माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता.

मुलाने वही पुढे केली. मी तारीख, नाव, गाव लिहिलं, राहुलचा नंबर लिहिला. मामा मागे उभे होते, चष्मा पुसत. रकमेचा रकाना मी मोकळा सोडला.

खोली एकही शिल्लक नव्हती. कवळ्याला फोन केला, अग्रशाळा भरलेली. शेवटी सगळे फोंड्याला आमच्याकडे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आमचे चार आणि त्यांचे सात. मामींना पलंग, बाळाला साडीचा झोका, बाकी सगळे गाद्या टाकून खाली. मामा अंधारात म्हणाले, "हॉटेलात एवढ्या लोकांना एका खोलीत निजू दिलं नसतं रे." सगळे हसले. मला त्या रात्री झोप आली नाही.

सगळे निजल्यावर मी गॅलरीत जाऊन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक) विचारून घेतले, तक्रार नोंदली, मग पोर्टलवर स्क्रीनशॉट चढवायला सांगितले. सोमवारी रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आलो. पैसे एका खात्यात थांबत नाहीत, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात आणि एटीएममधून बाहेर, सगळं काही मिनिटांचं काम. तक्रार लगेच गेली तर वाटेतल्या बँका रक्कम अडवू शकतात. मी बारा दिवसांनी गेलो. एका खात्यात माझ्या वाट्याचे 3,100 रुपये गोठलेले सापडले, तेही अजून हातात आलेले नाहीत. पिन मागितला त्या संध्याकाळी फोन केला असता तर कदाचित आकडा वेगळा असता.

त्यानंतर एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरू आणि पर्यटकांच्या खोट्या बुकिंगबद्दल जाहीर इशारा दिला. खोट्या वेबसाइट, सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिराती, केदारनाथच्या हेलिकॉप्टरपासून हॉटेलच्या खोलीपर्यंत सगळं त्यात होतं. वाचून जरा बरं वाटलं, की खुळा मी एकटाच नव्हतो.

आता मिरज-सांगलीकडून कुणीही गोव्याला यायला निघालं, की मी त्यांना आधी हॉटेलचा लँडलाइन शोधायला लावतो. गोव्याचा कोड 0832. मोबाइल नंबर कुठल्याही गावात बसून उचलता येतो. ज्याच्याशी बोलाल त्याला हॉटेलच्या दारासमोर काय दिसतं ते विचारा: दुकान, देऊळ, पेट्रोल पंप, काहीही. मग ते नकाशाच्या फोटोत ताडून बघा. तुम्ही हसण्यासारखं उत्तर आलं तर हसू नका, फोन ठेवा. पैसे पाठवताना माणसाचं नाव दिसलं तर थांबा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हॉटेलचा जीएसटी नंबर टाकला की धंद्याचं नाव फुकटात दिसतं, एक मिनिट लागतं. गोव्यात हॉटेल चालवायला 1982 च्या कायद्याखाली पर्यटन खात्याची नोंदणी लागते, तो नोंदणी क्रमांक मागा. खरा हॉटेलवाला चिडत नाही. आणि इथे कुणी ओळखीचं असेल तर त्याला फोनवर बुकिंग करायला सांगू नका, जाऊन यायला सांगा. तो नसेल तर भाड्याने मोटारसायकलवर नेणारा पायलटसुद्धा शे-दोनशे रुपयांत जाऊन विचारून येईल.

मामा निघताना बायकोच्या हातात पाकीट ठेवून गेले. आत 8,400 रुपये. तेवढेच गेले असं मी त्यांना सांगितलं होतं. मी पाकीट परत पाठवलं, त्यांनी पुन्हा पाठवलं, शेवटी ते देवीच्या पेटीत गेलं. मामा, हे वाचत असाल तर आता खरा आकडा कळला.

पुढच्या वर्षी मामा पुन्हा आले. मी आठवडाभर आधी दुकान बायकोवर सोपवून स्कूटरने त्याच हॉटेलात गेलो. तोच मुलगा. 2,000 ॲडव्हान्स रोख दिला, त्याने कार्बन घालून पावती फाडली. मग मी ती वही मागितली. एक वही संपून दुसरी सुरू झाली होती, माझं पान जुनीत. त्याने शोधून दिलं. मोकळ्या रकान्यात मी 25,200 लिहिलं आणि वही परत केली. त्याने आकड्याकडे बघितलं, काही बोलला नाही, चहा मागवला.